हसण्यावारी नेण्याची गोष्ट

आमचे एक विद्वान स्नेही आहेत. मुलांच्या नाट्यशाळेवर मराठीत एक चांगली विनोदी कादंबरी व्हायला हवी, असे मी मध्यंतरी एका बैठकीत बोलून गेलो. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि मला सुनावले, “पोरांच्या कलेची थट्टा करू नये, आणि त्यांच्या कष्टांची तर मुळीच करू नये.” टाळ्या पडल्या. त्या पडणारच होत्या. बालनटाविषयी बोलताना गळा दाटून येणे ही आपल्याकडे सुसंस्कृतपणाची खूण समजली जाते. मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. ते आता देतो.

विनोद म्हणजे थट्टा, हा पहिला गैरसमज. पेनेलपी फिट्झजेराल्ड या इंग्रज लेखिकेची ‘ॲट फ्रेडीज’ ही कादंबरी १९८२ साली प्रसिद्ध झाली. बाईंनी लंडनच्या इटालिया काँटी या मुलांच्या नाट्यशाळेत स्वतः शिकवले होते. तेव्हा ऐकीव माहितीवर भागवण्याची त्यांच्यावर पाळी नव्हती. त्यांच्या कादंबरीतली शाळा मोडकळीला आलेली, चालक म्हातारी फ्रेडी कोणाकडून काय उकळील याचा नेम नाही, आणि अभ्यास शिकवायला स्वस्तात मिळाले म्हणून ठेवलेले दोन मास्तर. मुले अशी बेरकी, की मोठ्यांनी त्यांच्यापाशी शिकवणी लावावी. वाचक पानोपानी हसतो. आणि शेवटी? शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’ नाटकात राजपुत्र आर्थर तटावरून उडी टाकतो आणि मरतो. ती उडी साधावी म्हणून एक खरा गुणी मुलगा रात्रीच्या अंधारात एकटाच उंचावरून पुन्हा पुन्हा उडी घेतो आहे, आणि पुस्तक तिथेच संपते. तोवरचे सारे हसू घशात अडकते. रडक्या पुस्तकाला हे साधले नसते. तिथे आपण पहिल्या पानापासूनच रुमाल काढून बसलेले असतो.

आता घरचे पाहा. असली शाळा आपल्याकडे नव्हती असे का कोणी म्हणेल? आपली प्रत्येक संगीत नाटक मंडळी ही मुलांची नाट्यशाळाच होती. फक्त दारावर पाटी नव्हती. आठ-दहा वर्षांची पोरे घर सोडून मंडळीच्या बिऱ्हाडी येत, पंगतीला जेवत, तालमीत मार खात, आणि रात्री नऊवारी नेसून नायिका होत. आवाज फुटला की नायिकेचे राज्य संपले. केशवराव भोसले लहान वयातच स्वदेशहितचिंतक मंडळीत शारदा म्हणून गाजले. त्यांनी १९०८ साली ‘ललितकलादर्श’ काढली तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. दीनानाथ मंगेशकर १९१८ साली ‘बलवंत संगीत मंडळी’चे एक चालक झाले, तेही त्याच वयात. सतरा वर्षांचा मालक, आणि त्याच्यापुढे पगाराची तक्रार घेऊन उभा असलेला पिकल्या मिशांचा खलनायक! विनोदी कादंबरीकाराला याहून काय ताटात वाढून द्यायचे?

आणि विनोदाच्या पोटात काय दडले आहे तेही पाहा. देवलांची ‘शारदा’ १८९९ ची. पैशासाठी कोवळी पोर म्हाताऱ्याला देऊ नका, असे ती सांगते. प्रेक्षक डोळे पुशीत. पण रंगभूमीवर ते सांगणारे कोवळे पोर कोणी कोणाला कशासाठी दिले होते, हे विचारायचे कोणाला सुचले? करुणरसाने माणसाचे डोळे भरतात, आणि भरल्या डोळ्यांना समोरचे नीट दिसत नाही. हा माझा मुख्य मुद्दा आहे.

कोणी म्हणेल, नटांची आत्मचरित्रे आहेत की! आहेत. चिंतामणराव कोल्हटकरांच्या ‘बहुरूपी’ला १९५८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिकही मिळाले. पण आत्मचरित्र नाव मिळवलेला माणूस लिहितो. ज्याचा आवाज फुटला आणि ज्याला मग पडदा ओढायला बसवले, तो लिहीत नाही. त्याच्यासाठी कादंबरीकारच पाहिजे. पुढे १९५९ साली सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ काढले, रत्नाकर मतकरींनी मुलांसाठी नाटके लिहिली; मराठी मुलांवर हे मोठे उपकार झाले. परंतु ती मुलांनी पाहायची नाटके. नाटक करणाऱ्या मुलाकडे पाहायचे काम राहिले ते राहिलेच. आता तर उन्हाळी अभिनय शिबिरांचे पीक आले आहे. तिथे पोराचा ‘व्यक्तिमत्त्व विकास’ होतो म्हणे. आईबापांच्या व्यक्तिमत्त्वाचे त्या शिबिराच्या दाराशी काय होते, त्यावरच एक प्रकरण निघेल.

मी हे पुण्यामुंबईच्या ऐकीव गोष्टींवर लिहीत नाही. मी भंडारा जिल्ह्यातल्या चिखल्याचा. गाव मँगनीजच्या खाणीचे. खाण कायद्यात १९८३ साली दुरुस्ती झाली आणि अठरा वर्षांखालच्या पोरांना खाणीचे दार बंद झाले. चांगले झाले. पुढे २०१६ साली बालमजुरीचा कायदा दुरुस्त झाला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायचे नाही असे ठरले. मात्र घरच्या उद्योगात शाळा सांभाळून केलेली मदत वगळली, आणि कलावंत वगळला! त्याच्यासाठी २०१७ साली नियम केले: कलेक्टरची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मिळकतीचा पाचवा हिस्सा मुलाच्या नावे बँकेत. म्हणजे अभिनय हे काम आहे, हे सरकारला कळले. आमच्या विद्वान स्नेह्यांना ती अजून निव्वळ ‘कला’ वाटते.

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार नाही तर नाटक, ते उजाडेपर्यंत. एका मंडईत मी नाटक पाहायला गेलो होतो. तिसऱ्या अंकात एक दहा वर्षांचा पोट्टा असा मेला, की बायाबापड्या हुंदके देऊ लागल्या. मीही डोळे पुसले. मग कौतुक करायला पडद्यामागे गेलो. तो माझ्याच शाळेतला निघाला. पहाटेचे तीन वाजलेले. मेलेला पोट्टा पेटीवर बसून आलूबोंडा खात होता. मला पाहून म्हणाला, “गुरुजी, आज बराबर मेलो ना जी? काल मेल्यावर डास चावला, तं हात हालला. मालक लय बोलले.”

मी खो खो हसलो. आणि त्या हसण्यातच मला पहिल्यांदा तो पोरगा दिसला. त्याचे कसब दिसले, त्याचा मालक दिसला, त्याचे जागरण दिसले. बाहेर रडत होतो तेव्हा मला फक्त माझे रडणे दिसत होते. परवानगी, तास, बँक कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. सकाळी शाळेत तो पाटीवर डोके ठेवून झोपला होता. मी त्याला उठवले नाही आणि हजेरीपटावर ‘हजर’ असे लिहिले.

विद्वान स्नेह्यांना माझे एवढेच सांगणे आहे. त्या पोराची थट्टा मी करीत नाही. थट्टा झाली ती त्या हजेरीपटावर, आणि ती मी माझ्या सहीने केली. ज्याला विनोदी कादंबरी लिहायची असेल त्याने तिथून सुरुवात करावी.