पळून आलेल्या जोडप्याला आपल्या घरात जागा आहे का?

जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले. जयंतीच्या प्रत्येक भाषणात आम्ही ते सांगतो. मग तोच उपाय करून आलेली दोन पोरं रात्री अकरा वाजता पिशवी घेऊन दारात उभी राहिली, की आम्ही काय करतो? कोणी विहाराची किल्ली देतो, कोणी संघटनेच्या ऑफिसचा पत्ता. ‘घर लहान आहे हो’ हे तर ठरलेले उत्तर.

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. तेव्हा त्यांना दोन मित्र आठवले. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर नोकर निघून जातील. ख्रिश्चन मित्राला बायकोला विचारायचे होते. शेवटी परदेशात शिकून आलेला तो माणूस कामाठी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. मित्रांची घरे लहान होती म्हणून हे घडले नाही.

उलट जोतिबा-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांच्या बाळंतपणासाठी आपल्याच घरात सोय केली. आश्रय देणारे शूद्र, घेणाऱ्या ब्राह्मणी! त्यातल्याच काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. हा आमचा वारसा आहे.

कोणी म्हणेल, हे सरकारचे काम. आहेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात जिल्ह्याजिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी सुरक्षागृहांचा विचार करावा आणि विशेष कक्ष स्थापावेत, असे राज्यांना बजावले. आपल्या जिल्ह्यात ते आहे का, कुठे आहे, फोन कोण उचलतो, हे माहिती अधिकारात विचारा आणि नसेल तर जिल्हाधिकाऱ्याच्या दारात बसा. पण निवेदनाचे उत्तर येईपर्यंत त्या दोघांनी झोपायचे कुठे? विशेष विवाह कायद्यात लग्नाआधी तीस दिवसांची नोटीस लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. म्हणजे नावे, पत्ते सगळे भिंतीवर. मुलीचे नातेवाईक शोधत फिरतात ते याच दिवसांत. महिनाभराचे छप्पर हा इथे जिवाचा प्रश्न असतो.

नुसत्या जोशात दार उघडणेही धोक्याचे आहे. आधी वयाचे कागद पाहा. मुलगी अठराच्या आतली असेल तर अपहरणाचा आणि पोक्सोचा गुन्हा नोंदला जातो, तुम्हीही त्यात अडकता. अशा वेळी बालकल्याण समितीकडेच जायचे. मुलगी सज्ञान असेल तर तिच्याशी एकटीशी बोला, ती स्वतःच्या मर्जीने आली आहे हे तिच्याच अक्षरात लिहून घ्या. वकिलामार्फत पोलीस अधीक्षकांना अर्ज द्या, पोच घ्या. आणि कृपा करून त्यांच्याबरोबरचा सेल्फी टाकू नका. क्रांतिकारी पोस्टमुळे पत्ता फुटतो.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. आश्रय दिल्याचे नाव कार्यकर्त्याचे होते. चार माणसांचा स्वयंपाक, शेजाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे, रडणाऱ्या मुलीला समजावणे हे सगळे घरातल्या बाईवर पडते. तिला न विचारता पाहुणे आणणारा कार्यकर्ता कसला आंबेडकरवादी? पीठमीठ आणि भाड्याचा खर्च शाखेने वर्गणीतून उचलावा. डीजेपेक्षा तो नक्की कमी येतो.

‘सैराट’मधल्या आर्ची-परश्याला हैदराबादच्या झोपडपट्टीत खोली मिळवून देणारी सुमन अक्का आठवते का? तिने त्यांची जात विचारली नव्हती. आमच्या वस्त्यांत मात्र मुलगा बौद्ध आणि मुलगी मातंग असली तरी कुजबुज सुरू होते. सवर्ण मुलगी आली की मिरवणूक काढायची आणि मातंग किंवा चर्मकार घरातली आली की तोंड फिरवायचे, हे आम्हाला मान्य नाही.

पुढच्या बैठकीत वार्डातल्या पाच घरांची यादी करू. किती दिवस ठेवता येईल, घरच्यांची संमती आहे का, दवाखाना जवळ आहे का, एवढे त्यात लिहायचे. यादी दोघांकडेच राहील. कोण नाव देतो?