पाहुण्यांचे बेट, रहिवाशांचे घर

बेलवली परिसरात इमारतीचा पाया खणू लागले की काळा कातळ लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाचा तो थिजलेला अवशेष होय. आपल्या पायाखालचा अग्नी केव्हाच शांत झाला आहे. सहलींच्या जाहिरातींतून आपल्या परिचयाचे झालेले ग्रीसचे सांतोरिनी बेट मात्र आजही जागृत ज्वालामुखीच्या काठावर वसलेले आहे. पांढरी घरे आणि निळे घुमट यांच्या छायाचित्रांत ही गोष्ट दिसत नाही.

सुमारे ३६०० वर्षांपूर्वी तेथे भीषण उद्रेक झाला. बेटाचा मध्यभाग खचला व तेथे समुद्र शिरला. उरली ती चंद्रकोरीसारखी कडा. राखेखाली गाडल्या गेलेल्या अक्रोतिरी नगरीचे पद्धतशीर उत्खनन १९६७ साली सुरू झाले. घरे सापडली, भित्तिचित्रे सापडली, धान्याचे रांजणही सापडले. परंतु माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. आधीच्या भूकंपांचा इशारा ओळखून रहिवासी वेळीच निघून गेले असावेत, असे अभ्यासक मानतात.

२०२५ च्या जानेवारीअखेरीस तशीच वेळ पुन्हा आली. काही आठवड्यांत हजारो हादरे बसले. शाळा बंद ठेवाव्या लागल्या, फेब्रुवारीत आणीबाणी जाहीर झाली आणि दहा हजारांहून अधिक लोकांनी बेट सोडले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. भूगर्भात सरकणाऱ्या शिलारसामुळे हे हादरे बसल्याचा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी पुढे काढला. तो हिवाळा होता. पर्यटक थोडे होते. भीतीच्या त्या रात्री प्रामुख्याने रहिवाशांच्या व तेथे राबणाऱ्या कामगारांच्या वाट्याला आल्या.

बेटाची लोकसंख्या अवघी साडेपंधरा हजारांच्या आसपास. २०२३ साली तेथे आलेले पाहुणे मात्र सुमारे ३४ लाख! नदी नसलेल्या या बेटाला समुद्राचे खारे पाणी गोडे करून वापरावे लागते. घरे पर्यटकांना भाड्याने दिली जात असल्याने शिक्षकांना व डॉक्टरांना निवारा मिळणे कठीण होते. २०२५ पासून जहाजांतून उतरणाऱ्या प्रवाशांची संख्या दिवसाला आठ हजारांवर रोखण्याचे ठरले आणि त्याच वर्षी जुलैपासून ऐन हंगामात प्रत्येकी २० युरो शुल्कही लागू झाले. आमच्या मते शुल्कापेक्षा मर्यादा महत्त्वाची आहे. कारण पैसे भरले म्हणजे पाहुण्याचे ओझे हलके होते असे नाही.

या बेटाशी आपले आणखी एक नाते आहे. ‘सांतोरिनी’ हे नाव संत आयरीन यांच्यावरून आले आहे. ऑर्थोडॉक्स बहुसंख्य असलेल्या या बेटावर लहानसा कॅथलिक समाजही आहे आणि १५९६ साली स्थापन झालेला डॉमिनिकन भगिनींचा मठ आहे. काही तासांसाठी उतरणारा प्रवासी घुमटाचे छायाचित्र घेतो. त्या घुमटाखाली प्रार्थना करणारे लोक त्याला बहुधा भेटतच नाहीत.

हा प्रश्न दूरचा नाही. पावसाळ्यात कोंडेश्वरच्या धबधब्यावर झुंडी लोटतात, बुडून मृत्यू होतात आणि प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. तेव्हा हजारांहून अधिक प्रवाशांना वाचवण्यासाठी बचाव दलांबरोबर आसपासचे गावकरीही धावले. संकटात परक्याचा भार शेवटी स्थानिकांच्याच खांद्यावर येतो.

प्रवास थांबवावा, असे आम्ही म्हणत नाही. सांतोरिनीची चूल पाहुण्यांवरच पेटते. परंतु जाणाऱ्याने गर्दीचा हंगाम टाळावा, धावती भेट न देता मुक्काम करावा, पाणी जपून वापरावे आणि धोक्याची सूचना मिळताच ती पाळावी. आपण ज्याला प्रेक्षणीय स्थळ म्हणतो, ते कुणाचे तरी घर असते. त्या घरात पाऊल ठेवताना आपण पाहुणे आहोत, एवढे भान प्रत्येकाने ठेवले तरी पुष्कळ होईल.