विश्लेषण : वाकलेला कणा सरळ होतो, पण त्यासाठी पत्करावी लागणारी जोखीम किती?

चीनमधील शेन्झेन येथे २०१९ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या एका रुग्णावर टप्प्याटप्प्याने चार शस्त्रक्रिया झाल्या. चेहरा मांडीला टेकेल इतका त्याचा कणा वाकला होता. शस्त्रक्रियांनंतर तो वॉकरच्या आधाराने चालू लागला. ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे जगभर फिरली. मधल्या भागाबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही.

कणा इतका वाकतो कशाने?

या रुग्णाला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस होता. या आजारात मणक्यांच्या सांध्यांना सूज येते आणि कालांतराने मणके एकमेकांना चिकटून कणा बांबूसारखा ताठ होतो. सुरुवात बहुधा तरुणपणीच होते. सकाळी पाठ आखडते, हालचाल केल्यावर मोकळी होते. आराम करून मात्र बरे वाटत नाही. आपल्याकडे आणखी एक मोठे कारण आहे, मणक्याचा क्षयरोग. औषधांनी क्षय बरा होतो, पण खचलेल्या मणक्यामुळे आलेले कुबड तसेच राहते.

सरळ कसा करतात?

चिकटलेला कणा ओढून सरळ होत नाही, हाड कापावेच लागते. मणक्यातून पाचरीच्या आकाराचा तुकडा काढतात, फट मिटवतात आणि स्क्रू व सळ्यांनी कणा पक्का करतात. अशा एका छेदातून साधारण ३० अंशांची सुधारणा मिळते. वाक फारच तीव्र असेल तर अख्खा मणका काढावा लागतो. हे सगळे मज्जारज्जूला खेटून चालते. त्यामुळे पायांपर्यंत संदेश पोहोचताहेत ना, हे यंत्रावर सतत पाहिले जाते. भूल देणेही सोपे नसते. मान वळत नसल्याने अनेकदा रुग्ण जागा असतानाच दुर्बिणीच्या मदतीने श्वासनलिकेत नळी घालावी लागते.

जोखीम किती?

प्रौढांमधील अशा गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांचा ‘स्कोली-रिस्क-१’ हा अभ्यास १५ केंद्रांत झाला. रुग्णालयातून घरी जाताना सुमारे २२ टक्के रुग्णांच्या पायांतील ताकद आधीपेक्षा कमी झाली होती. सहा महिन्यांनी हे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवर आले, तर सुमारे २० टक्के रुग्णांची ताकद आधीपेक्षा वाढलेली होती. ही केंद्रे या कामात मुरलेली होती, हे आकडे वाचताना विसरू नये.

मग लोक तयार का होतात? समोरच्याचा चेहरा दिसत नाही, पाठीवर झोपता येत नाही, पोट दाबले जाऊन जेवण जात नाही, दम लागतो. याला कोणी ‘दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया’ म्हणत असेल तर ते चूक आहे. मात्र धूम्रपान आणि ठिसूळ हाडे असतील तर धोका वाढतो. म्हणून डॉक्टर आधी त्यांच्यावर उपाय करायला सांगतात. डॉक्टरांना खर्चाआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही केल्या आणि त्यातल्या किती जणांचे पाय लुळे पडले?

अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये जैविक औषधांनी सूज आटोक्यात येते. चिकटलेले मणके मात्र त्यांनी सुटत नाहीत.