इमारतीचीही पीकपाहणी

१७२४ च्या ऑक्टोबरात साखरखेर्ड्याच्या रणात निजाम-उल-मुल्काने मुबारिझ खानाला हरवले आणि दख्खनच्या राजकारणाची दिशा बदलली. तीनशे वर्षांपूर्वीचे हे साल सांगणारे लोक बुलढाणा जिल्ह्यात आजही भेटतात. पण त्याच साखरखेर्ड्यातल्या एखाद्या सरकारी इमारतीच्या गच्चीवर शेवटचे वॉटरप्रूफिंग कोणत्या साली झाले, असे विचारले तर? साखरखेर्ड्याचे नाव इथे केवळ उदाहरणादाखल घेतले. राज्यातल्या कोणत्याही मोठ्या गावात हाच प्रश्न विचारावा आणि किती कपाटे उघडावी लागतात ते पाहावे.

मध्यंतरी, ऐन मे महिन्यात, एका शाळेच्या गच्चीवर चढलो होतो. पावसाळी पाइपाच्या तोंडाशी कडुनिंबाचा पाला, दोन चेंडू आणि बोटभर माती साचली होती. त्या मातीत पिंपळाचे वीतभर रोप हिरवेगार उभे होते. खाली वर्गात नेमक्या त्याच कोपऱ्यात छताला तपकिरी डाग आणि फुगलेले प्लास्टर. टिचकी मारली तर पोकळ आवाज आला. गुरुजी म्हणाले, “पोरांचे बाक आम्ही तिथून हलवलेत साहेब.” त्या इमारतीच्या देखभालीचे नियोजन म्हणायचे ते एवढेच.

पुढे काय होते हे वाचकांना सांगायला नको. आयएस ४५६ सौम्य वातावरणातल्या स्लॅबला २० मिलिमीटर कव्हर सांगते. प्रत्यक्षात कव्हर ब्लॉक न लावता सळई शटरिंगवर टेकवलेली असली की तेवढेही मिळत नाही. पाणी झिरपते, सळई गंजते. गंज हा खाल्लेल्या लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. त्यात आपल्याकडची काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावरची भारवाहक भिंत तिरप्या तड्यांनी त्याची साक्ष देते. तडा मे महिन्यात पाहिला तर धडकी भरते, ऑगस्टमध्ये पाहिला तर काही वाटत नाही. म्हणून एकाच पाहणीवर दिलेला अभिप्राय अर्धवट असतो.

रोग माहीत आहे, औषधही माहीत आहे. अडते ते हिशेबात. नवी इमारत ४०५९ च्या भांडवली लेखाशीर्षातून येते. तिला भूमिपूजन असते, कोनशिला असते. दुरुस्ती २०५९ च्या महसुली तरतुदीतून होते. पाइपाचे तोंड साफ केले म्हणून कोणी नारळ फोडत नाही. दोषदायित्वाचा कालावधी संपला की इमारत पोरकी होते. मग मार्चअखेरीस जो निधी उरेल तो रंगावर जातो, कारण रंग दिसतो. गळकी गच्ची तशीच राहते आणि ओल त्या नव्या रंगातूनही वर येते.

काँक्रीटच्या क्षेत्रात डे सिटर यांचा पाचपटीचा नियम प्रसिद्ध आहे. बांधतानाच नीट केले असते तर जिथे एक रुपया लागला असता, तिथे वेळच्या देखभालीला पाच, उशिराच्या दुरुस्तीला पंचवीस आणि नूतनीकरणाला सव्वाशे लागतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९० मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी पुनर्बांधणी मूल्याच्या दरवर्षी २ ते ४ टक्के रक्कम देखभालीसाठी सुचवली होती. आज एखादे आरोग्य केंद्र नव्याने बांधायला दोन कोटी लागतील असे धरा. म्हणजे वर्षाला चार ते आठ लाख झाले. आपल्या अंदाजपत्रकांत हा आकडा शोधून पाहा.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्याही. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे आपल्या यंत्रणेला काम येत नाही असे मुळीच नाही. तिला काम सुरू करायला दुर्घटना लागते. नगरजवळच्या निंबोडीत ऑगस्ट २०१७ मध्ये जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळले आणि तीन विद्यार्थी गेले. त्यानंतर धोकादायक वर्गखोल्यांच्या याद्या मागवल्या गेल्या. यादी आधी हवी होती.

यादी कशी ठेवायची हे महसूल खात्याने केव्हाच दाखवून दिले आहे. जमिनीला गाव नमुना सात असतो: मालक कोण, क्षेत्र किती. आणि गाव नमुना बारा असतो: त्यावर कोणत्या हंगामात काय पिकले. २०२१ पासून ही पीकपाहणी शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंदवतो. आपल्या इमारतींना सात आहे, मालमत्ता नोंदवही आहे. बारा मात्र नाही. गच्चीवर पिंपळ उगवतो, पण त्याची नोंद कुठेही होत नाही.

तेव्हा प्रत्येक इमारतीला एक पान द्यावे. मे महिन्यात गच्ची आणि पाइप साफ करून तडे मोजावेत, तड्यांवर काचेच्या पट्ट्या बसवाव्यात. ऑगस्टमध्ये गळतीच्या जागा खडूने आखून फोटो घ्यावेत आणि तडे पुन्हा मोजावेत. दिवाळीनंतर प्लिंथभोवतीची फरशी, नाली आणि वायरिंग तपासावे. स्थितीला एक ते पाच गुण द्यावेत आणि निधीचा क्रम त्या गुणांवरून ठरवावा, फोन कोणाचा आला यावरून नव्हे. नव्या इमारतीच्या प्रशासकीय मान्यतेसोबत तीस वर्षांच्या देखभालीचा खर्च जोडल्याशिवाय प्रस्ताव पुढे पाठवू नये.

यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायला नको. शाखा अभियंत्याच्या नेहमीच्या फेरीत हे बसते. गुरुजींनी बाक हलवला, ते त्यांच्या हातात होते. पाइपाचे तोंड आपल्या हातात आहे. येत्या जूनआधी आपल्या हद्दीतल्या एका तरी इमारतीचे पान भरा, आणि गच्चीवर गेलात तर ते रोप उपटूनच खाली उतरा. अजून ते वीतभर आहे.