थडगी नसलेल्या पूर्वजांचा शोध

(१) युरोपात एखाद्याला आपल्या घराण्याचा शोध घ्यायचा असेल, तर तो प्रथम चर्चच्या दफननोंदी आणि कबरीवरील अक्षरे पाहतो. जळगाव-धुळ्याकडील शेतकरी घरातील तरुणाने काय पाहावे? चिता विझली, अस्थी नदीत गेल्या, दगडावर नाव कोरलेच गेले नाही. म्हणून ‘आमचा इतिहासच उरला नाही’ असे सर्रास म्हटले जाते. हे मत मला मान्य नाही.

(२) भुसावळचे उदाहरण घ्या. रेल्वेमुळे तेथे युरोपीय व अँग्लो-इंडियन कर्मचाऱ्यांची वस्ती झाली. मुंबई इलाख्यातील चर्चांच्या दफननोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्याच तालुक्यात कापूस पिकवणाऱ्याची नोंद लंडनला गेली नाही, पण ती मुळी झालीच नाही असे नव्हे. ती गावच्या दप्तरात झाली.

(३) त्या दप्तराचे नाव गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी ‘कोतवाल बुक’. गावातील जन्म-मृत्यूची ही नोंदवही. मृताचे नाव, जात, वय, मृत्यूचे कारण अशा तिच्यातील नोंदी. जुनी पाने बहुधा मोडी लिपीत असतात. जी टिकली, ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात सापडू शकतात. माझ्या मते खानदेशाची खरी दफनभूमी हीच.

(४) मात्र केवळ कागद पुरत नाही. वर्ष ठाऊक नसेल तर कोणते पान उघडायचे? येथे स्मृती उपयोगी पडते. म्हातारी माणसे सन सांगत नाहीत. ‘मानमोडीच्या साथीत गेला’ असे सांगतात. मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएंझा. एवढ्या एका शब्दाने शोध काही महिन्यांवर येतो. पटकी, देवी, प्लेग, १८९९-१९००चा दुष्काळ हे सारे अशाच खुणांचे दगड आहेत.

(५) आडनावाच्या भरवशावर राहू नका. ‘पाटील’ हे मुळात वतनाचे नाव. आज अर्धे गाव पाटील असू शकते. पूर्वज नुसता स्वतःच्या आणि बापाच्या नावाने नोंदलेला सापडेल. जिल्ह्याचे नावही तपासा. १९०६ पूर्वी खानदेश हा एकच जिल्हा होता. पुढे पूर्व व पश्चिम खानदेश झाले, तेच आजचे जळगाव आणि धुळे. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. घराणे एकाच जागी राहिले, तरी त्याचे कागद वेगवेगळ्या कचेऱ्यांत गेलेले असू शकतात.

(६) आणखी दोन वाटा आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील वह्यांत यात्रेकरूंची नावे गाव आणि कुळ यांनुसार लिहिलेली असतात. खानदेशातील काही समाजांत भाटही वंशावळी राखत आले. पण भाटाची वही यजमानासमोर वाचली जाते. तिच्यात कुळाचे मूळ थोर असणारच. ती पुरावा म्हणून वाचावी, निकाल म्हणून नव्हे.

(७) या सर्व साधनांतील सर्वांत मोठी पोकळी स्त्रियांची. वंशावळ बापाकडून मुलाकडे उतरते. लेक लग्न होऊन गेली की कागदावरून पुसली जाते. श्राद्धातही पिता, पितामह, प्रपितामह एवढीच साखळी प्रामुख्याने उच्चारली जाते. पणजीचे माहेर कोणते, हे घरातील वृद्ध स्त्रीलाच ठाऊक असते. ती गेली की ते माहेरही गेले.

(८) सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीमुळे ही दप्तरे पुन्हा उघडली गेली. ‘कुणबी’ या नोंदीसाठी हजारो घरांनी आपल्या पणजोबांचे पान प्रथमच पाहिले. दाखल्याची गरज खरी आहे. तिला मी कमी लेखत नाही. परंतु एक शब्द सापडताच पान मिटणे, हे मात्र मला खटकते. त्याच पानावर एका आठवड्यात दगावलेली भावंडे असतील, भिल्लवस्तीतील मृत्यू असतील, शेजारच्या घराचा निर्वंश असेल. जात हा तेथील एक रकाना आहे. पान संपूर्ण गावाचे आहे.

(९) इतिहासाचार्य वि. का. राजवाडे घरोघर फिरून दप्तरे गोळा करीत. त्यांचे निधन १९२६ साली धुळ्यात झाले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तेथे आहे. त्यांचा धडा साधा होता : अस्सल कागद आधी, मत नंतर. आपण त्यात एक भर घालावी : कागदाच्या जोडीला आठवणही टिपून घ्यावी.

(१०) आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरली जाते आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. विचारायला याहून चांगला दिवस नाही. आत्याला, आजीला विचारा. सांगितलेले तिच्याच शब्दांत, तिच्याच अहिराणीत लिहून ठेवा. मग तहसीलात रीतसर अर्ज करा. मोडी शिका, काही महिन्यांत वाचता येऊ लागते. आणि पान हाती आले की आपल्या पणजोबांच्या वरच्या आणि खालच्या ओळीही वाचा. त्या माणसांनाही थडगी नाहीत.