तापात प्लेटलेट्स का घटतात?

घरात कुणाचा ताप तीन दिवसांनीही उतरला नाही, की डॉक्टर रक्त तपासून घ्यायला सांगतात. संध्याकाळी रिपोर्ट हाती येतो आणि सगळ्यांची नजर दोनच आकड्यांवर जाते. पांढऱ्या पेशी किती? प्लेटलेट्स किती? दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या भागात तर पावसाळा सरता सरता हे आकडे शेजारीपाजारीही आवर्जून विचारतात. त्याला कारणही तसेच आहे. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली होती. १०,००० हून अधिक लोक आजारी पडले आणि ४०० हून अधिक दगावले. ती धास्ती अजून गेलेली नाही.

पण हे आकडे ठरतात कुठे? आपल्या हाडांमध्ये! हाडांच्या पोकळीत मऊ, लालसर मगज असतो. त्याला अस्थिमज्जा किंवा बोनमॅरो म्हणतात. तान्ह्या बाळाच्या जवळजवळ सर्वच हाडांत रक्त तयार होते. मोठ्या माणसात हे काम मुख्यतः कंबरेचे हाड, पाठीचे मणके, छातीचे मधले हाड आणि बरगड्या यांत चालते. येथे दररोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी तयार होतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट ७ ते १० दिवस, तर जंतूंवर तुटून पडणारी पांढरी पेशी जेमतेम दिवसभर. म्हणून मज्जेला विसावा असा नसतोच.

जंतू शिरले की...

समजा, घशात किंवा फुप्फुसात जिवाणूंचा संसर्ग झाला. तेथील पेशी रक्तात काही रासायनिक संदेश सोडतात. ते मज्जेपर्यंत पोहोचताच ती आधी साठ्यातल्या पांढऱ्या पेशी बाहेर पाठवते आणि मग नव्यांची निर्मिती वाढवते. गरज फार असेल तर पूर्ण वाढ न झालेल्या पेशीही रक्तात येतात. एरवी ४,००० ते ११,००० असणारा आकडा १५,००० किंवा २०,००० वर जातो तो यामुळे. म्हणजे वाढलेला आकडा हा शरीर झुंज देत असल्याचा पुरावा असतो. उलट, गंभीर संसर्गात तो फार खाली गेला तर डॉक्टर अधिक सावध होतात, कारण मज्जा मागणी पुरी करू शकत नसल्याची ती खूण असू शकते.

डेंग्यूची तऱ्हा मात्र वेगळी. या विषाणूमुळे तापाच्या पहिल्या काही दिवसांतच मज्जेचे काम मंदावते. पांढऱ्या पेशी घटतात. प्लेटलेट्स कमी तयार होतात आणि ज्या रक्तात आहेत त्याही लवकर नष्ट होतात. एरवी दीड ते साडेचार लाख असणारा आकडा हजारांवर येतो. पण दिलासा देणारी गोष्ट अशी, की रिपोर्टमध्ये हा आकडा सर्वांत खाली दिसतो, तोवर मज्जा सहसा पुन्हा कामाला लागलेली असते. मग दोन-तीन दिवसांत प्लेटलेट्स आपोआप वाढू लागतात.

नेमक्या याच दिवसांत घरचे लोक पपईच्या पानांचा रस आणि शेळीचे दूध शोधत धावाधाव करतात. आकडा चढला की श्रेय त्या रसाला मिळते, मज्जेला कुणी विचारत नाही! कच्च्या दुधातून तर नवाच आजार व्हायचा. बाहेरून प्लेटलेट्स चढवण्याचीही घाई नको. रक्तस्राव नसेल तर आकडा १०,००० च्या खाली जाईपर्यंत त्याची सहसा गरज नसते, असे आपल्या देशातील उपचारांची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात.

लक्ष कशाकडे द्यावे?

डेंग्यूत खरा धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब उतरण्याचा. तो बहुधा ताप उतरताना उद्भवतो, म्हणून 'ताप गेला, सुटलो' असे समजू नये. पोटात जोराने दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, फार अस्वस्थता किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर प्लेटलेट्स कितीही असोत, रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये; तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल पुरे. पेज, ताक, ओआरएसचे पाणी थोडे थोडे पाजत राहावे.

मज्जेला रक्त घडवायला लोह, फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२ आणि प्रथिने लागतात. पालेभाज्या, कडधान्ये, दूध, अंडी यांतून ती मिळतात. पण ही तजवीज बारा महिन्यांची हवी, तापाच्या चार दिवसांची नव्हे. तापात रुग्णाकडे लक्ष द्यावे आणि मज्जेला तिचे काम करू द्यावे.