टिपेश्वरचा वाघ अन् सेकंडहँड कॅमेरा: घाई कुठे नडते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात वाघ दिसला, की परतताना हौशी फोटोग्राफरला आपली लेन्स तोकडी वाटू लागते. त्याच रात्री मोबाइलवर सेकंडहँड कॅमेऱ्यांची शोधाशोध सुरू! २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉनने फुल-फ्रेम मिररलेस आणले, तेव्हापासून जुने डीएसएलआर स्वस्त होत गेले. मोह होणारच. पण कॅननच्या ७डी मार्क २ चं शटर साधारण २ लाख क्लिकसाठी बनवलेलं आहे. त्यातले किती संपले, हे जाहिरातीतल्या चकाचक फोटोत दिसत नाही. लेन्समधली बुरशीही टॉर्च मारूनच कळते. आणि विक्रेता म्हणाला, ‘मी लष्करात आहे, बदली झालीये, आधी थोडे पैसे पाठवा’, तर? ही फसवणुकीची जुनीच पद्धत आहे. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा.